टर्बो गाडीसाठी इंजिन ऑइलची ग्रेड कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षांपूर्वी टर्बो म्हटलं की डिझेल गाडी, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. आता नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स, मॅग्नाइट, टायगुन अशा घरोघरच्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो आला आहे. ऑइल पारखायची आपली पद्धत मात्र जुनीच राहिली: दोन बोटांत चोळायचं आणि जाड लागलं की चांगलं म्हणायचं. टर्बोच्या बाबतीत ही पद्धत महागात पडते. सर्व्हिसिंगच्या वेळी आणि ऑइलच्या दुकानात जे प्रश्न सतत कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

५डब्ल्यू-३० या आकड्यांचा अर्थ काय?

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या जाडीचा. एसएई या संस्थेच्या जे३०० मानकात हे सगळं ठरवून दिलेलं आहे. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंश सेल्सियसला इंजिन फिरू देईल इतपत पातळ असावं लागतं, तर १५डब्ल्यूची हीच चाचणी उणे २० अंशांना होते. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंशांवर मोजतात: २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९.

म्हणजे ग्रेड हा एक पट्टा आहे. ३० ग्रेडचं एखादं ऑइल ४० च्या अगदी उंबरठ्यावर असू शकतं, दुसरं २० च्या जवळ. डब्यावरचा आकडा दोघांचा एकच.

टर्बो असला की ऑइलवर वेगळा भार का येतो?

टर्बोच्या एका टोकाला सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर फिरणारं चाक असतं, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा दाबणारं. दोन्हींना जोडणारा दांडा छोट्या गाड्यांत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा बॉल बेअरिंगवर नसतो. तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो आणि ती फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. थर तुटला की धातू धातूला लागला.

त्यातच पेट्रोल इंजिनात टर्बोकडे येणारे वायू साडेनऊशे अंशांच्या आसपास तापलेले असू शकतात. म्हणजे त्याच ऑइलनं दांडा उचलून धरायचा, उष्णता वाहून न्यायची आणि स्वतः करपायचंही नाही. साध्या इंजिनात इतक्या अरुंद जागेत इतकी उष्णता ऑइलच्या वाट्याला येत नाही.

बिघडलेला टर्बो उघडून टेबलावर ठेवला की सगळं दिसतं. दांड्याला बोटानं हलवलं की तो खुळखुळ्यासारखा खडखडतो, हवेच्या चाकाच्या पात्यांच्या कडा घासून चमकलेल्या असतात. ऑइल आणणाऱ्या बारीक पाइपात डोकावलं तर आत कोळशाचा थर बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत त्या पाइपाच्या पोकळ बोल्टमध्ये एक छोटी जाळी असते. ती अर्धी बुजलेली असेल तर वरून कितीही भारी ऑइल ओतलं तरी टर्बोला ते पुरत नाही.

जाड ऑइल घातलं तर टर्बो जास्त टिकेल ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात हट्टी आहे. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातलं की इंजिनाचा आवाज थोडा मऊ येतो आणि मालक खूश होतो. आत वेगळंच चाललेलं असतं.

सकाळी पहिला स्टार्ट मारल्यावर ऑइल चेंबरातून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतून, निघून पंप, फिल्टर आणि मग त्या बारीक पाइपातून टर्बोपर्यंत पोचायला हवं. जाड ऑइल उशिरा पोचतं. फिल्टरमधला बायपास व्हॉल्व्ह जाड, थंड ऑइलच्या दाबानं उघडतो आणि काही वेळ न गाळलेलं ऑइल फिरतं. पंपावरचा रिलीफ व्हॉल्व्हसुद्धा उघडतो, म्हणजे वाढलेला दाब बेअरिंगपर्यंत न जाता ऑइल परत चेंबरात पडतं. दाब जास्त म्हणजे पुरवठा जास्त, असं होत नाही. टर्बोचं बेअरिंग थंड राहतं ते वाहत्या ऑइलमुळे, त्यामुळे प्रवाह घटला की तिथली उष्णता वाढते.

आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनचा टेन्शनर हेही ऑइलच्या दाबावरच चालतात. त्यांच्या वाटा सांगितलेल्या जाडीच्या हिशेबानं कोरलेल्या असतात. शिवाय मायलेज कमी होतं, पिकअप जड वाटतो.

अर्थात गरजेपेक्षा पातळ ऑइलही तितकंच वाईट. ४० सांगितलेल्या इंजिनात मायलेजच्या हौसेनं २० घालू नये.

दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलंय, पण किमतीत जवळपास दुपटीचा फरक. का?

टर्बो गाडीच्या मालकानं एकच गोष्ट शिकायची असेल तर ती या उत्तरातली आहे.

१०० अंशांवरची जाडी शांत वाहणाऱ्या ऑइलची मोजतात. टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइल शांत नसतं, ते प्रचंड वेगानं घासलं जात असतं आणि तापमानही जास्त असतं. म्हणून आणखी एक मोजमाप आहे, एचटीएचएस. १५० अंश तापमान आणि जबरदस्त घासण याखाली ऑइलची किती जाडी उरते ते त्यात कळतं. जे३०० प्रमाणे २० ग्रेडला किमान २.६, ३० ग्रेडला किमान २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावं लागतं.

आता डबा फिरवून मागची बाजू वाचा. युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या एसीईए या संघटनेचं वर्गीकरण तिथे बहुधा दिलेलं असतं. एका ५डब्ल्यू-३० वर ए५/बी५ लिहिलेलं असेल, तर त्याचं एचटीएचएस २.९ ते ३.५ च्या दरम्यान. दुसऱ्यावर सी३ लिहिलेलं असेल, तर ते किमान ३.५. पुढून दोन्ही डबे सारखे, पण गरम बेअरिंगमधला थर मात्र वेगळा. सी३ लिहिलेलं ५डब्ल्यू-३० या कसोटीवर थेट ५डब्ल्यू-४० च्या किमान पातळीला पोचतं.

‘३० म्हणजे पातळ, ४० म्हणजे मजबूत’ हा सरसकट नियम म्हणूनच चुकतो. आणि ‘दोन्ही ५डब्ल्यू-३०च आहेत, स्वस्तातलं द्या’ हेसुद्धा. किमतीतला बाकीचा फरक बेस ऑइल (मूळ तेल), ॲडिटिव्ह (त्यात मिसळलेली रसायनं) आणि गाडीकंपन्यांच्या मान्यता मिळवायच्या खर्चाचा असतो.

मग निवड सुरू कुठून करायची?

गाडीच्या ओनर्स मॅन्युअलपासून. शेवटच्या पानांत ‘लुब्रिकंट्स’ किंवा ‘स्पेसिफिकेशन्स’ या मथळ्याखाली तक्ता असतो. त्यात ग्रेडसोबत मानक दिलेलं असतं: एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी, एसीईए सी२, फोक्सवॅगन ५०२ ००, मर्सिडीज २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ असं काहीतरी. आधी मानक जुळवा, मग त्या मानकातल्या डब्यांतून ग्रेड निवडा. मानक जुळलं की एचटीएचएस, ऑइल जळल्यावर उरणारी राख, बाष्पीभवन हे सगळं आपोआप त्याच्या मर्यादेत येतं, तुम्हाला प्रत्येक आकडा शोधावा लागत नाही.

डब्यावर ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘योग्य’ असे दोन प्रकारचे दावे असतात. पहिल्यात गाडीकंपनीनं मंजुरी दिलेली असते, दुसऱ्यात ऑइल कंपनी स्वतःच्या भरवशावर सांगत असते. वॉरंटीतल्या गाडीला पहिल्या प्रकारचंच घ्यावं आणि बिल जपून ठेवावं. टर्बो गेल्यावर पहिली विचारणा त्या बिलांचीच होते.

मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिल्या आहेत. त्यातली कोणती घेऊ?

गाडीकडून काय काम करून घेता, त्यावर. रोज घर ते ऑफिस, दहा-पंधरा किलोमीटर आणि निम्मा वेळ सिग्नलला उभं, असं रनिंग असेल तर दिलेल्यांपैकी पातळ ग्रेड घ्या. इंजिन नीट तापायच्या आतच प्रवास संपतो, तिथे लवकर पोचणारं ऑइल कामाचं.

मे महिन्यात पाच माणसं, टपावर सामान, एसी चालू आणि आंबा घाट किंवा कुंभार्ली चढायचा, असं वारंवार होत असेल तर दिलेल्यांपैकी जाड ग्रेड घ्या. टॅक्सी म्हणून धावणारी आणि सलग तासन्‌तास ताशी १०० च्या वेगानं जाणारी गाडीही यातच आली. गाडी रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून, ताकद वाढवली असेल तर एचटीएचएस ३.५ च्या खाली जाऊच नका आणि ऑइल लवकर बदला.

मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड असेल तर प्रश्न मिटला. तीच.

आमच्याकडे चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४६ च्या वर जातो. ०डब्ल्यू-२० टिकेल का?

ज्या इंजिनाला ते सांगितलं आहे, त्यात टिकेल. बाहेर ४६ असो की १६, थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान साधारण नव्वदीत धरून ठेवतो आणि ऑइल बहुतेक वेळ ९० ते ११० अंशांच्या दरम्यान राहतं. बाहेरच्या तीस अंशांच्या फरकानं ऑइलमध्ये तीस अंशांचा फरक पडत नाही. ऑइल खरं तापतं ते भारानं: चढ, ओझं, सलग वेग. त्यामुळे ‘गरम प्रदेश’ यापेक्षा ‘भारी काम’ हा निकष जास्त खरा.

२० ग्रेडसाठी घडवलेल्या इंजिनात बेअरिंगची रुंदी, पंपाची क्षमता, ऑइल कूलर हे सगळं त्याच हिशेबानं असतं. मॅन्युअलमध्ये उष्ण हवामानासाठी वेगळी ग्रेड दिली असेल तर जरूर ती वापरा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ऑइलपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं ते रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेल्या धुळीकडे. ती साफ नसेल तर कोणतंही ऑइल तापतं.

माझा भाऊ जर्मनीत असतो. त्याच्या तशाच इंजिनाच्या गाडीत ०डब्ल्यू-२० आणि माझ्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-४०. कोणाचं बरोबर?

दोघांचं. गाडीकंपनी ग्रेड ठरवताना त्या देशातले उत्सर्जनाचे नियम, इंधनाची प्रत, दोन सर्व्हिसिंगमधलं अंतर आणि तिथे सहज मिळणारं ऑइल हे सगळं बघते. युरोपात कार्बन डायऑक्साइडच्या मर्यादा कडक आहेत, तिथे पातळ ऑइलनं वाचलेला इंधनाचा प्रत्येक थेंब मोजला जातो. शिवाय नाव सारखं असलं तरी आतल्या पंपापासून फिल्टरपर्यंत भाग वेगळे असू शकतात. आखातात किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनाही हेच लागू: ज्या देशात गाडी घेतली, त्या देशाचं मॅन्युअल. इंटरनेटवर दुसऱ्या देशाचं सापडलेलं मॅन्युअल बघून ऑइल बदलू नका.

हिवाळ्यात महाबळेश्वरला किंवा निफाडला ०डब्ल्यू लागेल का?

नाही. १५डब्ल्यूसुद्धा उणे २० ला तपासलेलं असतं, आपल्याकडची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही. जानेवारीत लेह किंवा स्पितीला गाडी घेऊन जाणार असाल तर मात्र ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू हवंच.

तरीही महाराष्ट्रात डब्ल्यूच्या आधीचा लहान आकडा निरुपयोगी नाही. ५डब्ल्यू-४० बनवायला चांगल्या प्रतीचं बेस ऑइल वापरावंच लागतं, तर १५डब्ल्यू-४० साध्या खनिज तेलातही बनतं. म्हणजे ५डब्ल्यू हा आकडा ऑइलच्या मूळ दर्जाचीही खूण आहे आणि टर्बोतल्या उष्णतेत करपण्याला विरोध करतो तो हाच दर्जा.

टर्बो पेट्रोलला ‘एपीआय एसपी’च घ्या असं का सांगतात?

छोट्या, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनांत एक विशिष्ट धोका असतो. इंजिन १५०० ते २५०० आरपीएमला आणि पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, अशा वेळी सिलिंडरमध्ये ऑइल आणि इंधनाचा एखादा थेंब स्पार्कच्या आधीच पेटतो. दाब इतका अचानक चढतो की पिस्टनचा रिंगजवळचा भाग तुटू शकतो. याला एलएसपीआय म्हणतात. ऑइलमध्ये साफसफाईसाठी घातलेलं कॅल्शियम जास्त असेल तर हा धोका वाढतो असं आढळलं, म्हणून त्यातलं काही कॅल्शियम काढून मॅग्नेशियम वापरायला सुरुवात झाली. त्याची चाचणी २०१८ मध्ये एपीआयच्या एसएन प्लस या दर्जात आली आणि मे २०२० पासून एसपीमध्ये कायम झाली. २०२५ मध्ये एसक्यू ही त्यापुढची पायरी आली.

दुकानात जुना एसएन लिहिलेला डबा स्वस्तात मिळतो. टर्बो पेट्रोलसाठी तो घेऊ नका, ग्रेड जुळत असली तरी. आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिन कुंथत असताना पाय दाबून ओव्हरटेक करायची सवय असेल तर एक गिअर खाली घ्या. त्याचा उपयोग कोणत्याही ऑइलपेक्षा जास्त होतो.

बीएस-६ डिझेलला जुनं डिझेल इंजिन ऑइल चालेल का?

चालणार नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ऑइल थोडंफार जळतं, त्यातल्या धातूंची राख या फिल्टरमध्ये साठते आणि ती राख, काजळीसारखी, पुन्हा जाळून काढता येत नाही. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं: एसीईए सी२, सी३ वर्गात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ए३/बी४ वर्गातलं ५डब्ल्यू-४० कितीही नावाजलेलं असलं तरी त्यात राख याहून जास्त असते. ट्रकसाठीचं १५डब्ल्यू-४० तर या गाड्यांपासून लांबच ठेवा.

डिझेल गाडीत डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतंय. ऑइल वाढतं कसं?

ऑइल वाढत नाही, त्यात डिझेल मिसळतं. डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. गाडी शहरात थोडं-थोडं चालून मध्येच बंद होत असेल तर ही सफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरात उतरतं. ३० ग्रेडचं ऑइल मग हळूहळू २० सारखं वागू लागतं आणि पहिला फटका टर्बोला बसतो.

पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी पळवू नका, ऑइल बदलून घ्या. ‘पातळ होतंच आहे, तर आधीच जाड घालू’ हा उपाय नव्हे. आठवड्यातून एकदा हायवेवर सलग अर्धा तास गाडी चालवा, म्हणजे सफाई पूर्ण होते.

सेकंडहँड फोर्ड इकोस्पोर्ट इकोबूस्ट घेतली आहे. मेकॅनिक म्हणतो, ५डब्ल्यू-२० फार पातळ आहे, ५डब्ल्यू-४० घालू.

घालू नका. या एक लिटरच्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत फिरतो. फोर्डनं त्यासाठी ५डब्ल्यू-२० ग्रेड आणि डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी हे मानक दिलं. ऑइलचं रसायन बेल्टच्या रबराला मानवलं नाही किंवा ऑइल फार दिवस बदललं नाही, तर बेल्टचे कण सुटतात, चेंबरातल्या पंपाच्या जाळीवर जमतात आणि पुरवठा तुटतो. मग बेल्ट, टर्बो आणि इंजिन तिन्ही धोक्यात. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला, त्यामुळे हे ऑइल शोधायला थोडी वणवण होईल. करा. जुन्या मालकानं काय घातलं होतं ते ठाऊक नसेल तर बेल्टही एकदा तपासून घ्या.

फुल सिंथेटिक घेणं गरजेचं आहे का?

टर्बो गाडीला, होय. खनिज तेल टर्बोच्या उष्णतेत लवकर करपतं. फक्त ‘सिंथेटिक’ या शब्दावर फार विसंबू नका. खनिज तेलावरच खूप प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप तीनचं तेलही बहुतेक देशांत सिंथेटिक म्हणून विकलं जातं. जर्मनीत मात्र त्याला ‘पूर्ण सिंथेटिक’ म्हणू देत नाहीत. ग्रुप तीनचं ऑइल वाईट नसतं, गाडीकंपन्यांच्या अवघड मान्यता मिळवलेली कितीतरी ऑइलं त्यापासून बनतात. म्हणजे पुन्हा डब्याच्या मागच्या बाजूलाच यायचं.

किती किलोमीटरला बदलावं? ई२० पेट्रोलमुळे काही फरक पडतो का?

मॅन्युअलमध्ये बहुतेक १०,००० किंवा १५,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं असतं. त्याच तक्त्याच्या खाली ‘कठीण परिस्थिती’ साठी कमी अंतर दिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, डोंगराळ रस्ता: ही त्यातली यादी बघितली तर पुण्या-मुंबईतली जवळपास प्रत्येक गाडी कठीण परिस्थितीतच चालते. माझ्या मते टर्बो पेट्रोलचं ऑइल शहरात ७,०००–८,००० ला बदलावं. टर्बोच्या किमतीपुढे एका जादा ऑइल बदलाचा खर्च काहीच नाही.

ई२० मुळे ग्रेड बदलायची गरज नाही. पण थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या होत असतील तर इंधन आणि पाणी ऑइलमध्ये जास्त साठतं, कारण ते उडून जायला इंजिन पुरेसं तापतच नाही. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर कमी झाले असले तरी वर्ष होण्याची वाट न बघता बदलावं.

टर्बो ऑइल टाकतोय, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. जाड ऑइलनं थांबेल?

क्वचित थोडं कमी होईल, थांबणार नाही. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. टर्बोतून ऑइल आपल्या वजनानं खाली चेंबरात उतरत राहिलं तरच त्या कड्या काम करतात. परतीचा पाइप बुजला असेल, इंजिनाचा ब्रीदर (चेंबरातले वायू बाहेर सोडणारी वाट) चोंदून चेंबरात दाब वाढला असेल किंवा ऑइल खुणेच्या वर भरलं असेल, तर ते खाली उतरत नाही आणि कड्यांवरून बाहेर पडतं. जाड ऑइल तर आणखी हळू उतरतं.

नवा टर्बो घालण्याआधी या तीन गोष्टी तपासायला सांगा. त्या न तपासता नवा टर्बो बसवला आणि पुन्हा धूर सुरू झाला, असं वारंवार घडतं.

प्रवासात ऑइल कमी झालं आणि तेच ऑइल मिळालं नाही तर?

जवळच्या ग्रेडचं चांगलं ऑइल टाका. एपीआय मानकाची ऑइलं एकमेकांत मिसळू शकतात, त्याची चाचणीच होते. अर्धा लिटर वेगळं ऑइल टर्बो मारत नाही, कमी पातळी मारते. घरी आल्यावर अंदाज घ्या, मिश्रण जास्त असेल तर पूर्ण बदला.

ऑइलमध्ये टाकायचे ॲडिटिव्ह, इंजिन फ्लश?

ॲडिटिव्ह नको. तयार ऑइलमध्ये त्यांचं प्रमाण बांधलेलं असतं. फ्लशही जुन्या टर्बो गाडीत टाळा. सुटलेला गाळ नेमका टर्बोच्या पाइपातल्या बारीक जाळीत जाऊन बसतो.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, हे अजून खरं आहे का?

खरं आहे. खोपोलीहून लोणावळ्याला येईपर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते. टर्बोचं घर तापून लाल व्हायच्या बेताला आलेलं असतं आणि आपण वर पोचताच चहासाठी गाडी थांबवून चावी फिरवतो. त्या क्षणी ऑइलचा प्रवाह थांबतो, दांड्याजवळ अडकलेलं ऑइल तिथल्या उष्णतेत शिजतं. अनेक नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, तिथे धोका कमी आहे. तरी शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवा, किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असेल तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ती बटणानं बंद करा.

सकाळचंही तसंच. स्टार्ट केल्या केल्या रेस देऊ नका. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला आणखी काही मिनिटं लागतात, तोवर २५०० आरपीएमच्या आत राहा.

खोटं ऑइल कसं ओळखायचं?

रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, बॅच क्रमांक डब्यावर आणि झाकणावर जुळतो का बघा. झाकणाचं सील तुमच्यासमोर तोडायला लावा. आणि रिकामा डबा तिथेच सोडून येऊ नका, स्क्रू ड्रायव्हरनं त्याला भोक पाडा. खोटं ऑइल भरायला खरे डबे लागतात.

मेकॅनिकला नेमकं काय सांगू?

अनुभवी मिस्त्रीचा हात आणि कान यांचा मान ठेवाच, पण ग्रेड त्याच्या सवयीवर सोडू नका. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मोबाइलवर ठेवा आणि तो दाखवून म्हणा, ‘दादा, हे मानक असलेलंच ऑइल घालायचं आहे, डबा मी आणलाय.’ फिल्टर दर वेळी नवा आणि कंपनीचा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. ऑइल मोजून भरायला सांगा, अंदाजानं नको.

भरून झाल्यावर इंजिन स्टार्ट करून रेस न देता चालू ठेवू द्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत आणि त्यानंतर मिनिटभर. रिकामा झालेला फिल्टर आणि टर्बोचा पाइप तेवढ्यात भरतो. मग बंद करून, गाडी सपाट जागी दहा मिनिटं उभी ठेवून डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या किंचित खाली असेल तर गाडी घेऊन निघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर खाली जमिनीवर डाग पडलाय का ते एकदा वाकून बघा.